ओढ्याची वीज, पऱ्हाटीची वीज



“सर, लाइन गेली!”

आमच्या शाळेत हे वाक्य कानावर पडलं नाही, असा पावसाळ्यातला आठवडा क्वचितच जातो. परवाही तसंच झालं. वर्गातल्या टीव्हीवर मी मुलांना एका मोठ्या धबधब्याची फिल्म दाखवत होतो. पाणी धो धो कोसळत होतं, मुलं तोंड उघडं टाकून बघत होती. आणि खट्! पडदा काळा झाला, पंखा गरगर करत थांबला. एकच ओरडा झाला.

गोंधळ शांत झाल्यावर पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “सर, वीज इतक्या लांबून येते म्हून तं जाते. आपल्या गावातच तयार केली तर?”

सगळा वर्ग हसला. मी मात्र हसलो नाही. कारण जगातले मोठमोठे इंजिनिअर गेली कित्येक वर्षं याच प्रश्नाच्या मागे लागले आहेत. तुम्हाला खोटं वाटेल, पण आपल्या महाराष्ट्रातल्या एका आदिवासी गावाने या प्रश्नाचं उत्तर शोधलंही होतं. आज त्या गावाची गोष्ट सांगतो. पण त्याआधी एक चाक फिरवू या.

चाक फिरवा, वीज मिळवा

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, तिथे सहलीला गेलात तर पाणचक्की नक्की बघा. लांबच्या डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून तिथे आणलेलं आहे. ते उंचावरून पडतं, खाली असलेल्या पात्यांच्या चाकावर आदळतं, चाक फिरतं आणि चाकाबरोबर वरचं दगडी जातं फिरतं. काही शतकांपूर्वी तिथल्या दर्ग्यात येणाऱ्या लोकांसाठी या जात्यावर धान्य दळलं जायचं. ना बैल, ना माणूस, ना इंजिन!

आता अशी कल्पना करा, की त्या चाकाला जात्याऐवजी सायकलचा डायनॅमो जोडला आहे. डायनॅमोत काय असतं? एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक वेटोळ्याजवळ फिरला की तारेत वीज वाहू लागते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने ही गंमत १८३१ साली शोधून काढली. तेव्हापासून आजपर्यंत जगातली बहुतेक वीज याच युक्तीने तयार झाली आहे. सौर पॅनेलची युक्ती तेवढी वेगळी. तिथे काहीच फिरत नाही.

वाहणाऱ्या पदार्थाच्या जोरावर फिरणाऱ्या या पात्यांच्या चाकाला म्हणायचं टर्बाइन. त्याला फिरवायला पाणी चालतं, वारा चालतो, वाफ चालते आणि तापलेला वायूही चालतो. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला मोठं वीजघर आहे. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे मारतं. तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. एक मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट. आपल्या घरातला एलईडी बल्ब असतो साधारण ९ वॅटचा. करा गणित!

पण टर्बाइन मोठंच असलं पाहिजे, असा काही नियम नाही. १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग इथे भारतातलं पहिलं जलविद्युत केंद्र सुरू झालं, तेव्हा त्याची ताकद अवघी १३० किलोवॅट होती. आणि तेवढ्या विजेने दार्जिलिंगच्या रस्त्यांवर दिवे लागले होते. आज आपल्याकडे १०० किलोवॅटपर्यंतच्या जलविद्युत प्रकल्पाला ‘मायक्रो’ म्हणजे सूक्ष्म प्रकल्प म्हणतात. अशा प्रकल्पातलं टर्बाइन दोघा-चौघांना उचलून नेता येईल एवढंही असू शकतं.

जुळ्या भावाच्या घरी

आपला वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला, हे तुम्हाला पाठ असेलच. त्याच दिवशी महाराष्ट्रात आणखी एक जिल्हा जन्माला आला. धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार. म्हणजे वाशिम आणि नंदुरबार हे जुळे भाऊच म्हणायचे! चला, या भावाच्या घरी जाऊ या.

नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव भागात, सातपुड्याच्या कुशीत बिलगाव नावाचं आदिवासी गाव आहे. डोंगराच्या उतारावर विखुरलेले पाडे, आणि जवळून वाहणारी उदय नदी. ही नदी पुढे नर्मदेला मिळते. बिलगावात वीज नव्हती. सूर्य मावळला की गाव अंधारात.

मग तिथे केरळहून दोन तरुण इंजिनिअर आले. अनिलकुमार आणि मधुसूदन. त्याआधी त्यांनी नर्मदेकाठच्या डोमखेडी गावात असाच एक इवलासा प्रयोग केला होता. बिलगावात नदीचं पाणी उंचावरून खाली पडतं, हे त्यांनी हेरलं. त्यांनी ठरवलं, या पडणाऱ्या पाण्याला कामाला लावायचं.

अशा प्रकल्पाची रचना अगदी सोपी असते. वरच्या अंगाला लहानसा बांध घालतात आणि थोडं पाणी बाजूच्या पाटात वळवतात. पाटाच्या शेवटी एक टाकी. टाकीतून जाड पाइप उताराने खाली उतरतो. पाइपच्या तोंडाशी खोलीत टर्बाइन आणि जनरेटर. पाणी जोरात येतं, चाक फिरवतं आणि पुन्हा नदीत निघून जातं. एक थेंबही खर्च होत नाही. सारं गाव उठवावं लागत नाही, की जंगल बुडवावं लागत नाही.

पण बांध घालायचा, पाट खणायचा, दगड वाहायचे, हे करणार कोण? गावकऱ्यांनीच ते केलं! बिलगावच्या लोकांनी श्रमदान केलं. नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते सोबत होते. परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या संस्थेने पैशांची मदत केली. आणि जानेवारी २००३ मध्ये, संक्रांतीच्या सुमारास, बिलगावात दिवे लागले. १५ किलोवॅटचा प्रकल्प!

१५ किलोवॅट म्हणजे किती? १५,००० वॅट. समजा, ही वीज ३०० घरांना सारखी वाटली, तर प्रत्येक घराला ५० वॅट येतील. आजचे ९ वॅटचे पाच बल्ब त्यावर लागतात. शहरातल्या माणसाला हे थोडं वाटेल. पण ज्या घरात पिढ्यान् पिढ्या चिमणीच होती, तिथे पाच बल्ब म्हणजे दिवाळीच की!

तुमच्या आईबाबांनी ‘स्वदेस’ नावाचा हिंदी सिनेमा पाहिला असेल. त्यात नायक गावकऱ्यांना घेऊन ओढ्यावर वीज तयार करतो, आणि एक म्हातारी आयुष्यात पहिल्यांदा बल्ब पेटलेला बघते. २००४ साली आलेल्या या सिनेमाच्या गोष्टीत बिलगावच्या उजेडाचाही वाटा होता.

पाण्याने दिलं, पाण्याने नेलं

इथवर गोष्ट छान आहे. पुढे सांगताना मात्र माझा आवाज जरा जड होतो.

गुजरातमध्ये नर्मदेवर सरदार सरोवर नावाचं प्रचंड धरण बांधलं गेलं. त्याची भिंत टप्प्याटप्प्याने उंच होत गेली. भिंत उंच झाली, की मागे पाणी चढतं. नर्मदेत चढतं तसं तिला मिळणाऱ्या नद्यांमध्येही चढतं. २००६ च्या पावसाळ्यात ते पाणी उदय नदीतून वर बिलगावपर्यंत आलं आणि लोकांनी स्वतःच्या हातांनी उभारलेला तो प्रकल्प पाण्याखाली गेला. साडेतीन वर्षं दिवे लावणारं चाक थांबलं.

मोठं धरण वाईटच असतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. सरदार सरोवराच्या वीजघरांची ताकद १४५० मेगावॅट आहे. बिलगावच्या प्रकल्पाच्या जवळजवळ ९७ हजार पट! त्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. शिवाय कोरड्या पडलेल्या मोठ्या मुलखाला त्याच धरणाचं पाणी जातं. पण मी ही गोष्ट वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा एवढंच म्हणाला, “सर, त्यायले कोनी इचारलं होतं का?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण हा प्रश्न विज्ञानाच्या पुस्तकातला नाही. वीज किती तयार झाली, हे मीटर सांगतो. ती कोणासाठी झाली, त्यासाठी कोणाचं घर गेलं, कोणाचा दिवा विझला, हे मीटर सांगत नाही. ते आपणच विचारायचं असतं. तुम्ही मोठे होऊन इंजिनिअर व्हा, कलेक्टर व्हा, की सरपंच व्हा, हा प्रश्न विसरू नका.

“मंग आपल्या नदीवर काहून नाही?”

बिलगावची गोष्ट ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. “सर, मंग आपल्या नदीवर काहून नाही बसवत टर्बाइन?”

चला, जिल्ह्याचा नकाशा काढा. आपल्या वाशिमची एक मोठी गंमत आहे. इथून नद्या निघतात! काटेपूर्णा आपल्या जिल्ह्यात उगम पावते, उत्तरेला अकोल्याकडे जाते आणि पूर्णेतून तापीला, म्हणजे शेवटी अरबी समुद्राला मिळते. अडाण आणि अरुणावती याही आपल्याच. पण त्या पैनगंगेला मिळतात, आणि ते पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत थेट बंगालच्या उपसागरात जातं. एकाच पावसाचे दोन थेंब, एक पूर्वेच्या समुद्रात, एक पश्चिमेच्या!

पण उगमाजवळची नदी म्हणजे लहान बाळच. पावसाळ्यात ती दुडदुडते आणि दिवाळी झाली की हळूहळू वाळूत झोपी जाते. उन्हाळ्यात आपण तिच्या पात्रात क्रिकेट खेळतो.

टर्बाइनला तर दोनच गोष्टी लागतात. किती पाणी येतं आणि ते किती उंचीवरून पडतं. सेकंदाला १०० लिटर पाणी १० मीटरवरून पडलं, तर त्यात साधारण १० किलोवॅट ताकद असते. पाइप, टर्बाइन आणि जनरेटर यांत काही वाया जाऊन हातात ५-६ किलोवॅट पडतात. उंची निम्मी झाली, तर वीज निम्मी. आणि पाणीच नसेल, तर? शून्याला कशानेही गुणा, शून्यच.

म्हणजे आपल्याकडे पाण्याचं टर्बाइन चाललं, तर ते पावसाळ्यात, किंवा धरणाच्या कालव्याला पाणी सोडतात त्या दिवसांत. कालव्याचं पाणी जिथे पायरीसारखं खाली पडतं, अशा जागी लहान टर्बाइन बसवता येतं. पण उरलेल्या वर्षाचं काय?

हायब्रीड म्हणजे फक्त ज्वारी नव्हे!

आजोबांना विचारा, हायब्रीड म्हणजे काय. ते सांगतील, ज्वारी! दोन जातींचा संकर करून काढलेलं बियाणं. विजेतही हायब्रीड असतं. एकाच साधनावर अवलंबून न राहता दोन-तीन साधनं एकत्र जोडायची. एक थकलं की दुसऱ्याने ओझं उचलायचं. शेतात कपाशीच्या ओळींमध्ये आपण तूर पेरतो ना? एक पीक गेलं तर दुसरं हात देतं. अगदी तसंच.

पाण्याचा पहिला जोडीदार कोण? ऊन! आपल्याकडे उन्हाला काय तोटा? पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात दरेवाडी नावाची वस्ती आहे. २०१२ साली तिथे ९.४ किलोवॅटचे सौर पॅनेल बसले आणि सुमारे ४० घरांना वीज मिळाली. पुण्याच्या ग्रामऊर्जा या कंपनीने ते काम केलं. घरोघरी मीटर लागले, आणि कारभार बघायला गावकऱ्यांचीच समिती नेमली गेली. बिल कोणी भरलं, कोणी नाही, हे गावच बघणार.

पण उन्हाचीही एक खोड आहे. अभ्यासाच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी, नेमकं ते नसतं! बॅटरीत वीज साठवता येते, पण बॅटऱ्या महाग, आणि काही वर्षांनी त्या बदलाव्या लागतात. श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ भरलेलं असतं, तेव्हा बॅटरी तरी भरणार कशी?

मग तिसरा जोडीदार हवा. आणि तो आपल्या धुऱ्यावर पडलेला आहे!

फ्रिजएवढं वीजघर

कापसाची शेवटची वेचणी झाली, की आपण पऱ्हाट्या उपटतो. थोड्या चुलीला जातात, बाकीच्या धुऱ्यावर पेटवून देतो. तुराट्यांचंही तेच. कमी हवेत, बंद भट्टीत या काटक्या जाळल्या, तर त्यांचा जळाऊ वायू तयार होतो. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ पासून अशाच लाकडाच्या वायूवर इंजिन चालवून गावाला वीज दिली. तिथल्या घरांत दिवे लागले, पाण्याचा पंप चालला, पिठाची गिरणीही चालली.

असा वायू, किंवा शेणाचा गोबरगॅस, जाळून फिरणारं एक नवलाचं यंत्र आहे. त्याचं नावच मायक्रोटर्बाइन. म्हणजे पाण्याच्या छोट्या टर्बाइनचं वायूवर चालणारं भावंड! विमानाच्या जेट इंजिनचाच हा छोटा अवतार. ३० किलोवॅटचं मायक्रोटर्बाइन मोठ्या फ्रिजएवढ्या पेटीत मावतं. आत हवा दाबली जाते, त्या दाबलेल्या हवेत वायू पेटतो, आणि तापलेला झोत चाकावर आदळतो. चाक, हवा दाबणारा पंखा आणि जनरेटर सगळे एकाच दांड्यावर. असा दांडा मिनिटाला ९६,००० फेरे घेऊ शकतो! म्हणजे सेकंदाला १६००. आपल्या छताचा पंखा जोरात सोडला, तरी मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेरे घेतो. एवढ्या वेगात साधं बेअरिंग टिकणार कसं? म्हणून काही यंत्रांत दांडा हवेच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याला तेल-वंगण लागतच नाही.

आता खरं तेही सांगतो. या यंत्राला दिलेल्या इंधनातला चौथा हिस्साच वीज होतो. बाकीची उष्णता गरम धुराबरोबर बाहेर पडते. ती वाया गेली, तर सौदा तोट्याचा. पण ती कामाला लावली, तर एकूण पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही जास्त कामी येतो. आपल्याकडे शेतकरी हळद पिकवतात. हळद उकडायला आणि वाळवायला उष्णताच लागते की नाही? म्हणजे रात्री गावात दिवे आणि त्याच खर्चात हळद तयार!

अडचणी अजूनही आहेत. हे यंत्र महाग आहे. काटक्यांच्या वायूत डांबरासारखा चिकट अंश असतो. तो नीट गाळला नाही, तर नाजूक पाती खराब होतात. म्हणून गावागावांतल्या अशा प्रकल्पांत आजवर साधं इंजिनच जास्त वापरलं गेलं. आणि सगळं कुटार, सगळ्या पऱ्हाट्या आपण जाळूनच टाकल्या, तर ढोरं काय खातील आणि मातीला परत काय मिळेल? तेही मोजायलाच हवं.

बारा महिन्यांचा दिवा

आता तिन्ही जोडीदार एका रांगेत उभे करू. आषाढापासून अश्विनापर्यंत ओढ्याला पाणी, तेव्हा पाण्याचं टर्बाइन. कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत लखलखीत ऊन, तेव्हा दिवसा सौर पॅनेल. आणि रात्री, ढगाळ दिवशी, गरजेच्या वेळी पऱ्हाटीचा नाहीतर गोबरगॅसचा वायू. एकटं कोणीच बारा महिने पुरत नाही. तिघं मिळून मात्र वर्ष भरून काढतात.

आणि चौथा जोडीदारही लागतोच. तो म्हणजे गाव! पाट साफ कोण करणार? पॅनेलवरची धूळ कोण पुसणार? पैसे कोण गोळा करणार? बिलगावात आणि दरेवाडीत यंत्राबरोबर माणसंही जोडली गेली, म्हणून दिवे लागले.

त्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी लाइन आली. पंखा फिरू लागला, टीव्हीवरचा धबधबा पुन्हा कोसळू लागला. पण मुलांचं तिकडे लक्षच नव्हतं. ती फळ्यावरच्या जिल्ह्याच्या नकाशात आपापला ओढा शोधत होती.

करून पाहा

एक बटाटा घ्या. त्याच्या मधून विणायची सुई आरपार घाला. प्लॅस्टिकच्या जुन्या डब्याच्या सहा सारख्या पट्ट्या मोठ्यांच्या मदतीने कापून बटाट्यात भोवती खोचा. झालं तुमचं टर्बाइन! सुईची टोकं दोन्ही हातांत सैल धरा आणि मित्राला तांब्याने पाण्याची बारीक धार पात्यांवर सोडायला सांगा. आधी एक वीत उंचीवरून, मग हातभर उंचीवरून. चाक कधी जोरात फिरतं? पाणी बादलीत पडू द्या आणि झाडाला घाला, वाया घालवू नका.

दुसरं काम घरच्यांना विचारून करायचं. आपल्या ओढ्याला किती महिने पाणी असतं? शेतातल्या पऱ्हाट्यांचं काय होतं? गावात किती घरी गोबरगॅस आहे? एका वहीत सगळं लिहून काढा. उद्या तुमच्या गावात वीज तयार करायची ठरली, तर सगळ्यात आधी हीच वही लागेल.

आणि तेव्हा सगळ्यांना विचारायला विसरू नका बरं!